आधी पट्टी सांगा

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत पैसे मोजले की काय मिळत नाही? ट्रॅक्टरचे सुटे भाग मिळतात, लग्नाचे बस्ते बांधून मिळतात, जुन्या बाजारात रेल्वेच्या पितळी दिव्यासारखी एखादी वस्तूही हाती लागते. तंबोरा मात्र मिळत नाही. वाद्यांच्या दुकानात पेट्या असतात, ढोलक्या, टाळ, पखवाज असतात, भजनी मंडळांसाठी एखादी वीणा खुंटीला टांगलेली असते. तंबोरा मागितला की दुकानदार खिशातला मोबाईल पुढे करतो. ‘मॅडम, याचं ॲप आलंय की आता.’

मी दौंडला गाणं शिकवते, आठवड्यातून एकदा शिरूरलाही शिकवणी असते. प्रारंभिक, प्रवेशिका या परीक्षा मोबाईलच्या तानपुऱ्यावर निभावतात. मध्यमा संपून विशारदचं बोलणं सुरू झालं की एखादे वडील वर्ग सुटल्यावर दारात घुटमळतात आणि विचारतात, ‘बाई, पोरीला तंबोरा घ्यायचाय. ऑनलाइन मागवू का?’

नका मागवू. यामागे जुन्या विचारांचा हट्ट नाही. माझ्या एका विद्यार्थ्याकडे असा घरपोच आलेला तंबोरा आहे. दिसायला झकास, दांडीभर वेलबुट्टी, भोपळ्याला आरशासारखं पॉलिश. पण दांडी मधोमध किंचित वाकलेली, खुंट्या पिरगाळल्या की पुन्हा मागे सरकतात, आणि तारा जिच्यावर टेकतात ती घोडी अशी की तार छेडली तर नुसता ‘टण्ण’ असा आवाज येऊन विझतो. परत पाठवायची मुदत टळल्यावर त्याच्या घरचे माझ्याकडे आले. आता तो तंबोरा त्यांच्या दिवाणखान्यात शोभेला आहे, आणि पाहुण्यांना तो आवडतो.

तंबोरा हे मापाचं वाद्य आहे. दुसऱ्याची चप्पल आपल्याला होत नाही, तसा दुसऱ्याच्या सुराचा तंबोरा आपल्याला होत नाही. पुरुषाचा आवाज पेटीच्या काळी एक, पांढरी दोन अशा खालच्या पट्टीत असतो. त्याचा तंबोरा लांब, भोपळा मोठा, तारा जाड. बाईचा आवाज काळी चार, काळी पाच. तिचा तंबोरा त्या मानाने आखूड, तारा बारीक. काळी चारचा तंबोरा काळी एकपर्यंत उतरवला तर तारा सैल पडून लोंबतात. उलट केलं तर तारा तुटतात किंवा भोपळ्याच्या तोंडावरच्या तबलीवर नको तेवढा ताण येतो. म्हणून चांगला कारागीर लाकूड कुठलं, नक्षी किती, असलं काही आधी विचारत नाही. तो विचारतो, ‘पट्टी कुठली?’ या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नसेल तर अजून खरेदीला निघायची वेळ आलेली नाही असं समजा. आधी गुरूकडे बसून आवाज कुठे मोकळा होतो ते ठरवावं. वयात येणाऱ्या मुलांचा आवाज फुटायचा असेल तर तोवर खुशाल ॲप वापरावं.

निघायचं ते मिरजेला.

मिरजेला आपल्याकडची माणसं दोन कामांसाठी जातात, दवाखाना नाहीतर वाद्य. वाद्याची गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची. मिरज हे पटवर्धनांचं संस्थान. तिथे शिकलगार होते, म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी घडवणारे आणि त्यांना धार लावणारे लोक. इंग्रजी अंमल पक्का झाला तशी हत्यारांची मागणी आटली आणि हातातली कला पोटासाठी दुसरीकडे वळली. त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं दुरुस्त करता करता ती बनवायला घेतली. त्यांच्या वंशजांनी आणि शिष्यांनी ती परंपरा पुढे नेली, इतकी की धंद्यावरून घराण्यांचं आडनावच सतारमेकर पडलं. आज मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्याला म्हणजे ग्राहकाला त्याचा उपयोग एवढाच, की मिरजेचं नाव लावून कुठलीही वस्तू खपवणाऱ्याला आता कायद्याने हटकता येतं. कुठला तंबोरा चांगला हे मानांकन सांगत नाही, ते कानानेच ठरवावं लागतं.

कारागिरांपुढे नाठाळ गिऱ्हाईक असेल तरच कारागिरी वाढते, आणि मिरजेला अशी गिऱ्हाइकं भरपूर मिळाली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तिथे शिकवत. विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडे शिकले, १८९६ च्या सुमारास मिरजेतून बाहेर पडले आणि १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. १९३१ साली त्यांचं निधन झालं तेही मिरजेतच. आमच्या मुलांच्या परीक्षा घेणाऱ्या गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय मिरजेत आहे ते या ऋणानुबंधातून. आणि अब्दुल करीम खाँसाहेब! किराणा घराण्याचा हा गवई उत्तरेतून आला आणि मिरजकर झाला. सुराच्या बाबतीत महाकाटेकोर. वाद्य बिघडलं तर स्वतः हत्यारं घेऊन दुरुस्तीला बसणारा. अशा माणसाला गल्लीतल्या कारागिराने ‘चालतंय की’ म्हणून वाद्य दिलं असेल, हे संभवत नाही. १९३७ साली पाँडिचेरीला जाताना गाडीतच त्यांची प्रकृती बिघडली. मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळकोईल स्टेशनवर ते उतरले आणि तिथल्या फलाटावरच त्यांनी देह ठेवला. जाता जाता ते दरबारी कानडा गात होते असं सांगतात. जंक्शनच्या गावात राहणाऱ्या मला फलाटावरचं हे मरण नेहमी फार जवळचं वाटत आलं आहे. मिरजेत ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. उरुसात तिथे दरवर्षी गाणं होतं आणि मोठमोठे गवई हजेरी लावतात. तंबोऱ्याचं काम त्याच सुमाराला काढलंत तर रात्री चार आणे न खर्चता उत्तम गाणं ऐकायला मिळेल. गर्दीमुळे कारागीर मात्र तुमच्याकडे बघणार नाही.

दौंडहून मिरजेला जायला महाराष्ट्र एक्स्प्रेस सोयीची, पुणे-सातारा-सांगली करत थेट जाते. काही गाड्या आता दौंडच्या जुन्या स्टेशनात न येता कॉर्ड लाइनच्या स्टेशनावर थांबतात, तेवढं आधी बघून घ्यावं, नाहीतर सामान घेऊन रिक्षा शोधायची वेळ येते. शिरूरला रेल्वे नाही. तिकडच्यांनी न्हावरा-चौफुला रस्त्याने दौंड गाठावं किंवा सरळ पुण्याहून गाडी धरावी. दुसरा मार्ग कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला असा. पूर्वी त्या बाजूला बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी रांगत असे, आता रूळ रुंद झालेत. हा मार्ग वेळखाऊ आहे, पण मला तो आवडतो, कारण तंबोऱ्याचा भोपळा त्याच मुलखातून येतो.

हा भोपळा भाजीचा नव्हे. तो कडू, जाड सालीचा आणि आकाराने घागरीला मागे टाकणारा. पंढरपूर, मंगळवेढा या भागात तो पिकतो. म्हणजे दौंडच्या पुलाखालून वाहणारी भीमाच पुढे उजनीत थांबून, पंढरपुरात चंद्रभागा होऊन त्या मुलखात जाते. शिरूरची घोडनदीही भीमेलाच मिळते, तेव्हा शिरूरकरांनाही या भोपळ्यावर हक्क सांगायला हरकत नाही.

गेल्या खेपेला माझ्याबरोबर शिरूरजवळच्या एका गावातली विद्यार्थिनी आणि तिचे वडील होते. वडील कांदा-उसाचे शेतकरी. मिरजेच्या त्या कारखान्यात (कारखाना कसला, लांबट खोली, एका बाजूने उजेड, चपड्याच्या पॉलिशचा उग्र वास) छताला आकारांनुसार भोपळे टांगलेले होते. आम्ही दोघी तंबोऱ्यांकडे बघत होतो, त्यांची नजर वर.

‘एवढा भोपळा? पाणी किती लागतं याला?’

कारखान्याचे मिस्त्री हसले. ‘पाण्यापेक्षा सबुरी लागते, दादा. वेलावरच पार वाळू द्यावा लागतो. घाई करून तोडला की सुरकुततो, मग आमच्या कामाचा नाही.’

‘आणि भाव?’

‘गोल असेल तर भाव. एका अंगाला दबलेला असेल तर तुम्हीच घेऊन जा.’

वेलावर वाढताना भोपळा जमिनीवर नीट बसता ठेवावा लागतो, नाहीतर तो कलंडतो आणि एका बाजूने चपटा होतो, हे मला त्यांच्या बोलण्यातून कळलं. तंबोरा घेऊन इतकी वर्षं गाणाऱ्या मला कधी सुचला नव्हता तो प्रश्न एका कांदेवाल्याने पहिल्या पाच मिनिटांत विचारला. वाळलेल्या भोपळ्याला पाणी पाजून तो थोडा मऊ करतात, हवा तिथे कापतात, आतून काड्यांचा आधार देऊन तोंडाचा घेर हवा तसा ताणून वाळवतात. मग लाकडी गळा जोडायचा, गळ्याला पोकळ दांडी, भोपळ्याच्या तोंडावर किंचित फुगीर अशी लाकडी तबली. लाकूड बहुतेक तुणीचं. ते हलकं, तांबूस, नरम असतं आणि आवाज चांगला देतं. तबलीची जाडी कुठे किती ठेवायची हे मिस्त्री बोटाने ठोकून ठरवतात. फूटपट्टी भिंतीला टांगलेली होती, तिच्यावर धूळ होती.

आता खऱ्या गोष्टीकडे येते. भोपळा, दांडी, तबली हे सगळं नीट जमलं तरी तंबोरा बोलेलच असं नाही. तो बोलतो जवारीने. तबलीवर मधोमध जी रुंद घोडी असते तिची वरची बाजू सपाट दिसते, पण ती अगदी किंचित उतरती, गोलसर घासलेली असते. तार त्या उतारावर टेकते, थरथरताना तिला पुन्हा पुन्हा चाटून जाते, आणि त्यातून एका सुराच्या पोटातले अनेक सूर बाहेर पडतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक दोरा सरकवतात, त्याला जीव म्हणतात. तो रेसभर इकडे-तिकडे झाला की आवाज मोकळा होतो किंवा मिटतो.

हे शास्त्रज्ञांनाही गमतीचं वाटलं होतं. चंद्रशेखर वेंकट रामन कोलकात्यात असताना त्यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्यावर लिहिलं. युरोपातल्या शास्त्राप्रमाणे, तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो ते उपस्वर ऐकू यायला नकोत. तंबोऱ्यात तेही खणखणीत ऐकू येतात, आणि हे घोडीमुळे होतं, असं त्यांनी दाखवलं. नोबेल मिळण्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट. घोडीचा उतार कानसने काढणाऱ्याला यातलं काही ठाऊक असण्याची गरज नाही, आणि नसतंही.

जवारी काढताना बघायला मिळालं तर उठू नका. त्या दिवशी मिस्त्रींनी तंबोरा मांडीवर आडवा घेतला. चारही जीव बाजूला सारले, खर्जाची पितळी तार ढिली करून घोडीवरून उतरवली आणि तिथे तारेने पाडलेली चकचकीत रेघ आम्हाला बोटाने दाखवली. ती रेघ म्हणजे झीज. कानस दोनदा फिरवली, अंगठ्याने भुसा पुसला, फुंकर मारली, तार पुन्हा चढवली, सुरात आणली, छेडली. मान हलवली, पसंत नाही. पुन्हा तार उतरवली. या वेळी कानस एकदाच, तीही जेमतेम टेकवून. चढवली, छेडली, जीव आत सरकवून बोटाच्या नखाने मागेपुढे केला. एका जागी आवाज एकदम उघडला आणि खोलीत घुमत राहिला. मिस्त्रींनी मुलीकडे बघितलं. ‘आता?’ ती म्हणाली, ‘अजून थोडं.’ ते म्हणाले, ‘बाई, तुमची मुलगी तयार आहे.’ मग बाकीच्या तीन तारा, प्रत्येकीचं वेगळं. दुपार त्यातच गेली. वडील बाहेर चहा पिऊन आले, परत आत आले, पुन्हा बाहेर गेले.

त्या ‘अजून थोडं’ची परीक्षा घरबसल्या शिकता येते. पहिली तार पंचम, मधल्या दोन जोडाच्या म्हणजे षड्ज, शेवटची खर्ज. नीट लागलेल्या चांगल्या तंबोऱ्यात खर्जाची तार छेडली की तिच्यातून कोणी न लावलेला गंधार आपोआप वर येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो ऐकू आला की जवारी आणि जुळणी दोन्ही बरोबर. दुसरं, आस किती टिकते ते बघा. एक तार छेडून गप्प बसा. आवाज हळूहळू पातळ होत गेला पाहिजे, मधेच तुटायला नको. आणि एक सावधगिरी. फार खुली जवारी दुकानात नवशिक्याला भुलवते. झणझणीत आवाज, समोरचा खूश. रोज रियाजाला बसलं की थोड्याच दिवसांत तो झणझणाट कर्कश होतो. गळ्याला आधार द्यायला जरा मिटलेली, गोल जवारी बरी. ही माझी आवड झाली. काही लोक खुलीकडे झुकतील, त्यांच्याशी मी वाद घालणार नाही.

बाकीच्या तपासण्या डोळ्यांनी होतात. तंबोरा बंदुकीसारखा डोळ्यापाशी धरून दांडी सरळ आहे का बघावं. तबलीच्या रेषा उभ्या, सरळ असाव्यात, गाठ नसावी. भोपळ्यावर बोटाने टिचक्या मारत फिरावं, एखाद्या जागी आवाज फाटका आला तर आत तडा आहे असं समजावं. गळ्याच्या जोडापाशी पॉलिश चिरलं असेल तर कारण विचारावं. खुंटी फिरवून सोडली की तिथेच राहिली पाहिजे. खडू लावून चालेल, असं कोणी म्हणालं तर तो खडू आत्ताच लावून दाखवायला सांगा. घोडी कशाची, हेही विचारा. पूर्वी हस्तिदंत आणि सांबरशिंगही वापरत. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते बंद झालं. आता शिसवी लाकूड, उंटाचं हाड किंवा तंतू-प्लास्टिकचे प्रकार मिळतात. कोणी ‘खरं शिंग आहे, खास तुमच्यासाठी’ म्हणून कुजबुजलं तर त्या दुकानातून बाहेर या.

नक्षीबद्दल मी जरा वाईट बोलते, म्हणून शिष्य हसतात. पण पैसे कुठे जातात ते बघा. दांडीवरची पानं, भोपळ्यावरचं कोरीव काम, पांढऱ्या पट्ट्यांची जडावट, यांत कारागिराचे दिवस जातात आणि किंमत चढते. आवाजात त्याने कणभर फरक पडत नाही. साधा, नक्षी नसलेला, पण उत्तम जवारीचा तंबोरा मागा. साधारण चांगल्या मोबाईलच्या किमतीत तो बसतो आणि मोबाईलसारखा तीन वर्षांत जुना होत नाही. घासाघीस करायची असेल तर नक्षीवर करा, जवारीवर नको.

तयार मिळतो की सांगून करून घ्यावा? तयार ठेवणीत आपल्या पट्टीचा असेल तर उत्तम, स्वतः ऐकून घेता येतो. नसेल तर आगाऊ रक्कम देऊन नाव नोंदवायचं. काही महिने लागतात. त्यात पावसाळा आला तर पॉलिश वाळत नाही म्हणून आणखी थांबायचं. फोनवर रोज ‘झाला का?’ विचारू नये.

हे असं माणूस शोधून, वाट बघून वाद्य घेणं आपल्याच मुलखात आहे असं नाही. अरब आणि तुर्की संगीतात ऊद नावाचं वाद्य आहे. पाठ नासपतीच्या आकाराची, पातळ लाकडी पट्ट्या वाकवून जोडलेली, दांडी आखूड, पडदे नाहीत. इस्तंबूलचा मानोल आणि दमास्कसचं नहात घराणं यांनी शंभर वर्षांपूर्वी घडवलेले ऊद आजही वादक शोधत फिरतात. २०२२ साली ऊद घडवण्याची आणि वाजवण्याची कला युनेस्कोच्या वारसा यादीत आली. तिथलाही कारागीर आधी मापाचं विचारतो. अरबी ऊदाची तार सुमारे ६१ सेंटिमीटर, तुर्की ऊदाची त्याहून आखूड, साडेअठ्ठावन्नच्या आसपास, आणि त्याचा सूरही वर. कैरोच्या गायकाने इस्तंबूलचा ऊद घेतला तर त्याची पंचाईत आमच्या काळी चार-काळी एकसारखीच.

आता गल्लीतून घरी आणायचं. गवसणी जाड, आत अस्तर असलेली हवी. दुकानातली पातळ मिळते, म्हणून मी शिरूरच्या शिंप्याकडून जुन्या गोधडीची शिवून घेते. प्रवासात तारा थोड्या उतरवाव्यात, पूर्ण सैल करू नयेत, नाहीतर घोडी सरकते. गाडीत वरच्या बर्थवर तंबोरा झोपवायचा आणि आपण खाली बसायचं. एसटीने न्यायचा असेल तर मागच्या सीटवर नको. हंगामात चौफुल्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांनी जे खड्डे पाडलेले असतात, ते भोपळ्याला मानवत नाहीत. वाहकाला गोडीत सांगितलं तर चालकाच्या मागची जागा मिळते. ‘काय आहे ओ त्यात?’ हा प्रश्न येतोच. तंबोरा म्हटलं की आदर वाटतो, आणि एखादा भजनातला निघाला तर तिकिटाऐवजी आधी घराणं विचारतो.

आमच्याकडचा उन्हाळा हा तंबोऱ्याचा दुसरा शत्रू. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या खोलीत तर विचारायलाच नको. लाकूड आकसतं, जोड उकलतात. कूलरच्या झोतातही ठेवू नये. सकाळी ओल, दुपारी ऊन हे त्याला सोसत नाही. आतल्या भिंतीला, गवसणीत, उभा न टेकवता आडवा ठेवावा. तारा वर्षाकाठी बदलाव्यात. मिरजेहूनच जाडीच्या नंबरासकट जास्तीचे संच आणून ठेवावेत, कारण दौंडमध्ये खर्जाची पितळी तार मागितली की सतारीची कुठलीतरी पुढे येते.

जवारी मात्र रोजच्या रियाजाने झिजतेच, आणि दोन्ही तालुक्यांत ती काढणारा मला माहीत नाही. ब्लेडने घरच्या घरी खरवडू नये, एवढं हात जोडून सांगते. मिरजेचे कारागीर मोठ्या शहरांत फेरीला येतात, चार दिवस एखाद्या गवयाकडे मुक्काम करून आसपासची वाद्यं सुधारतात. पुण्यात कोणाकडे उतरतात, हे मोबाईल नंबर घेतानाच विचारून ठेवावं. तंबोरा ज्याच्याकडून घेतला त्याच्याशी वीस वर्षं बोलणं चालू राहणार आहे, तेव्हा माणूस जमतो का तेही त्या पहिल्या दुपारी बघून घ्या. जो तुमच्या मुलीला ‘आता?’ विचारतो त्याच्याकडून घ्या. जो स्वतःच ‘बेस्ट आहे मॅडम’ म्हणतो त्याच्याकडून नको.

त्या शेतकऱ्याने मुलीचा तंबोरा घेतला, काळी चारचा, बिननक्षीचा. निघताना त्याने मिस्त्रींना विचारलं, ‘सप्त्याची वीणा करता का?’ आमच्याकडे गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह होतो. सात दिवस, सात रात्री वीणा खाली ठेवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. अशी वीणा हलकी, कणखर लागते आणि तिच्या तारा मारच जास्त खातात. बहुतेक मंडळं आळंदी नाहीतर पंढरपूरहून वीणा आणतात आणि मग ती वर्षानुवर्षं बेसूर वाजत असते. सगळ्या टाळांच्या गजरात ते कोणाच्या लक्षात येत नाही. मिस्त्री म्हणाले, करतो, पण पेटी कुठल्या सुरात लावता ते विचारून या. त्याने तिथूनच मंडळाच्या पेटीवाल्याला फोन लावला. पेटीवाला म्हणाला, ‘पांढरी चारात गातो आपण, नाय का?’ मागून कोणीतरी ओरडलं, ‘नाही, काळी दोन!’ मिस्त्रींनी वहीत गावाचं नाव लिहिलं आणि पट्टीची जागा मोकळी ठेवली.